सुपारीचं दुसरं खांड

चैत्र आला की आमच्या घरात माणसांपेक्षा कापडाला जास्त जागा लागते. वर्षभर माळ्यावर घड्या घालून पडलेली कनात खाली येते, अंगणात उलगडली जाते, आणि तिच्यातून वास सुटतो. रॉकेलचा, उंदरांचा, सुकलेल्या घामाचा, आणि कुठल्याशा गावच्या धुळीचा, जी कितीही झटकली तरी जात नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या कापडावरून अनवाणी चालतात. बारीक भोकं डोळ्यांना दिसत नाहीत, तळव्यांना कळतात, असं त्यांचं म्हणणं. पाय थांबला की तिथं खडूची फुली. मग दाभण आणि सुतळी.

कनातीच्या मधोमध एक पट्टा नवा आहे. बाकी सगळी चहाच्या रंगाची झालीय, तो पट्टा पांढराफटक. मी बघतेय, त्याच्यापाशी आले की अण्णा लांब टांग टाकून पलीकडं जातात. त्याच्यावर पाय देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, नव्या कापडाला भोक कुठलं असायला.

यंदा ते चालता चालता जुन्या कोपऱ्यावर थांबले. खाली वाकले. कापडाच्या टोकाला एक गाठ होती, दगडासारखी घट्ट. दातांनी सोडवली. आतून सुपारीचं अर्धं खांड निघालं, काळं पडलेलं.

"हे कुठल्या खेळाचं राहिलं?" ते म्हणाले. मग त्यांनाच आठवलं.

मला विचारायची गरज नव्हती. त्या सुपारीचं दुसरं खांड कुठं आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या लिहायच्या टाकाच्या डबीत. वर्ष होत आलं.

आमचा धंदा आजोबांनी काढलेला. जत्रेच्या गावाशी बोली करायची, तमाशाचा फड आणायचा, कनात उभारायची, पत्रकं वाटायची, तिकिटं विकायची. नगर जिल्ह्यात आम्हाला कुणी साळवे म्हणत नाही, कनातवाले म्हणतात. आजोबा मूळचे खिळे जुळवणारे. नगरात एका छापखान्यात स्तोत्रांची पुस्तकं निघायची, तिथं दिवसभर शिशाची अक्षरं उलटी वाचायचे. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि सोमवारी कुणाच्या नकळत फडात जाऊन ढोलकीशेजारी बसायचे. नकळत म्हणजे सगळ्या चर्चला ठाऊक होतं. वडीलमंडळींनी बोलावून विचारलं, तर म्हणाले, देवानं गळा दिलाय तो फक्त तुमच्याच लोकांना दिलाय का?

त्यांनी पहिला ठेका घेतला आणि पहिलीच चूक छापखान्यातल्या माणसानंच करावी अशी केली. हाताशी मोठे खिळे होते म्हणून एका नावाजलेल्या बाईचं नाव पत्रकावर टाकलं, सगळ्यात मोठ्या टायपात. बाईंना विचारलंच नव्हतं. लोक बैलगाड्या जुंपून आले. बाई आल्या नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. लोकांनी कनातीचे दोर कापले, कापड पेटवलं. फडातली माणसं शेतांतून पळाली. आजोबा पळाले नाहीत. फळ्यांच्या रंगमंचावर एकटे चढले आणि म्हणाले, नाव मी छापलं, बाई मी आणली नाही, आता करायचं ते मला करा.

लोकांनी केलं. आजोबांचा डावा कान मरेपर्यंत बहिरा होता.

त्यानंतर आमच्या घरात कायदा झाला. नाव छापायच्या आधी त्या कलावंताच्या दारात जायचं, त्याच्यादेखत अडकित्त्यानं सुपारी फोडायची. एक खांड त्याच्याकडं, दुसरं कनातीच्या कोपऱ्याला. मग खिळ्याला हात लावायचा. खेळ झाला की दोघांनी समोरासमोर बसून आपापलं खांड चावून टाकायचं. तोवर खेळ संपला असं म्हणायचं नाही. कलावंतांनीही कायदा पाळला. सुपारी घेतली आणि उभा राहिला नाही असं आमच्याकडं कधी घडलं नाही. ताप घेऊन उभे राहिले, घरात मयत टाकून उभे राहिले. लहानपणी मला याचा फार अभिमान होता. आता लिहिताना वाटतं, तापानं फणफणलेल्या माणसाला उभा करणाऱ्या सुपारीचा अभिमान कसला?

पण हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. तेव्हा मी दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात दंग होते.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आम्हाला तो खरा भाजला त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. पाथर्डीच्या बाजूला जनावरांच्या डोळ्यांवर माशा बसायच्या आणि जनावर पापणीसुद्धा हलवत नसे. माणसं खडी फोडत होती. आख्खी गावं रस्त्याच्या कडेला बसलेली, डोक्याला फडकी, डाव्या हातात दगड, उजव्यात हातोडी. लांबून येताना ऐकलं तर वाटायचं की सगळा तालुका दात वाजवतोय. वाटणीला मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आणि सुकडी. त्याच जिल्ह्यात, कोपरगावकडं कालव्याच्या काठी, ऊस हिरवागार उभा होता आणि तिथल्या जत्रांत सोड्याच्या बाटल्या फुटत होत्या. अण्णा त्या हंगामात फड घेऊन तिकडं गेले. मी गेले नाही. मी अण्णांना तोंडावर म्हणाले होते की तुमची कनात म्हणजे भरल्या पोटाचा पडदा आहे.

ढोलकीवाले छबूराव तिथंच बसले होते. म्हणाले, "रूथबाई, तुमच्या कागदात सरकार रोज पडतंय, आन सकाळी उठून बघावं तर पुन्यांदा उभं हायेच."

सगळे हसले. मी नाही हसले. मी तेवीस वर्षांची होते, कॉलेज सोडून खडीच्या कामांवर फिरत होते, आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यकर्त्यापेक्षा चांगलं पत्रक लिहीत होते. लिहिणारच. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी अण्णांच्या जाहिराती लिहायची. 'पाहाल तर थक्क व्हाल, चुकाल तर पस्तावाल' हे लिहिणाऱ्या हाताला 'जागे व्हा, नाहीतर मराल' लिहायला कितीसा वेळ? शाई तीच, गुलाबी कागद तोच.

पाथर्डीकडच्या एका कामावर आया खडी फोडायच्या आणि तान्ही पोरं उघड्या मुरमावर पडलेली असायची. मी कामावरच्या साहेबांना सावली मागितली. साहेब म्हणाले, कामाच्या तरतुदीत सावली नाही. हे वाक्य मी तीन पत्रकांत छापलं. काही झालं नाही. एक पोर उन्हानं गेलं. त्याच्या आईनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातोडीचा आवाज मला बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा ऐकू यायला लागला. खरंच वेगळा होता की नाही, देव जाणे.

तेव्हा मी ठरवलं की सावलीसाठी खेळ करायचा. बाजारच्या दिवशी काम बंद असतं, त्या दिवशी, दुपारी चार वाजता, म्हणजे माणसं उजेडी घरी पोचतील. मजुरांना फुकट, आणि शेवगाव-पाथर्डीच्या दुकानदारांनी, मास्तरांनी जमेल ते द्यावं. अण्णा कोपरगावहून परत आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका शब्दात हो म्हणाले. मी त्यांच्याशी भांडायची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

गर्दी खेचायला नाव एकच होतं. गोदाबाई वांबोरीकर.

गोदामावशी मला जन्मापासून ओळखतात. त्यांचा आवाज कसा होता हे सांगायला मी अनेकदा बसले आणि कागद फाडला. एवढंच सांगते. त्या वरच्या सुरावर जायच्या आधी क्षणभर थांबायच्या, दार उघडायच्या आधी माणूस थांबतो तसं. त्या क्षणात कनातीतल्या विड्या विझायच्या. मग त्या आत शिरायच्या आणि आपणही.

त्या हंगामात कोरड्या भागातल्या जत्रा बंद पडल्या तशा मावशीही वांबोरीजवळच्या एका रस्त्यावर खडी फोडायला बसल्या होत्या. अण्णांनी मला बजावलं. दगडाच्या भुकटीनं तिचा घसा धरलाय. डॉक्टरनं पावसाळ्यापर्यंत गाऊ नको म्हणून सांगितलंय. तरी तिला विचार, पण सुपारी घेऊन जा आणि दारातच विचार. ती नको म्हणाली तर नको.

मी वांबोरीला गेले नाही. दोन मोर्चे होते, एसटीचा वेळ जुळत नव्हता, ही कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण साधं होतं. विचारलं असतं तर त्या नाही म्हणू शकल्या असत्या. आणि छापलं तर येणारच, हे मला माहीत होतं. कनातवाल्यांच्या कागदावर नाव आलं की गोदाबाई येणार. त्यांना वाटणार की सुपारी निघालीय, वाटेत आहे.

मी घरी बसून एकटीनं सुपारी फोडली. एक खांड अण्णांच्या हातावर ठेवलं.

"दुसरं?" अण्णांनी विचारलं.

"दिलं," मी म्हणाले.

त्यांनी आपलं खांड कोपऱ्याला बांधलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला याचा मला त्या वेळी किंचित रागच आला होता, हे आठवतं.

त्या दिवशी वारं सुटलं होतं. कनातीच्या भिंती आतबाहेर होत होत्या, एखादं मोठं जनावर धापा टाकतंय तशा. मजूर इतके आले की कनात एका बाजूनं उघडीच ठेवली. बायका पुढं बसल्या, मांडीवर पोरं. केसांत पांढरी भुकटी, सगळ्याच म्हाताऱ्या दिसत होत्या. मावशी एसटीतून उतरून बोचकं काखेत मारून चालत आल्या. मला बाजूला घेतलं. आवाज खरखरीत होता, चाळणीत खडी हलवावी तसा.

"मुकादमानं कागद वाचून दावला," त्या म्हणाल्या. "सुपारी न्हाई आली गं माज्याकडं. मला वाटलं, चुकली कुटं वाटंत."

"गडबडीत राहिली, मावशी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग विचारलं, आरसा कुठं लावलाय?

चार वाजता कर्ण्याची बॅटरी बसली. बदलायला दुसरी नव्हती. छबूरावांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की उघड्या वाऱ्यात, बिनकर्ण्याची, असल्या घशानं ती गायला लागली तर संपली. आजचा दिवस नुसतं नाचकाम आणि बतावणी करू, लोक काही म्हणणार नाहीत. मी म्हणाले, पत्रकावर नाव आहे. बस, एवढंच म्हणाले. आमच्या कायद्याचं वाक्य माझ्या तोंडात इतकं सहज आलं की मला शरमही वाटली नाही.

मावशी उभ्या राहिल्या. पहिलं कडवं त्यांनी खालच्या सुरात ओढून नेलं. मागच्यांना ऐकू जात नव्हतं, मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं, बाई. मग त्या वर गेल्या. वर जायच्या आधी नेहमीसारख्या थांबल्या. बायकांनी पोरांच्या पाठीवरचे हात थांबवले. मावशींनी तोंड उघडलं आणि सूर आला नाही. आधी मला वाटलं वाऱ्यानं नेला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. ढोलकी दोनदा फिरून समेवर आली आणि मोकळीच गेली. तिसऱ्यांदा एक बारीक आवाज आला, कापड फाटतं तसला, आणि मग काही नाही.

कुणी शिट्टी मारली नाही, कुणी ओरडलं नाही. मावशी त्याच जागी उभ्या राहिल्या, हात जोडून, फड आटोपेपर्यंत. समोरच्या एका बाईनं, तिच्याकडं तेवढंच पाणी असणार, आपला तांब्या फळीवर ठेवला आणि मागं सरकली.

जमलेल्या पैशांतून फार काही उभं राहिलं नाही. तेव्हा मी अण्णांना न विचारता कनातीचा मधला पट्टा कापला आणि खडीच्या कामावर चार बांबूंवर ताणला. अण्णा बघत होते. कात्री त्यांनीच आणून दिली, हेही लिहिलं पाहिजे. त्या कापडाखाली पावसाळा येईपर्यंत पोरं निजली. एकही गेलं नाही. मी पत्रक काढलं, 'जनतेनं करून दाखवलं'. खाली नेहमीप्रमाणे 'आपले, समस्त श्रमिक'. माझ्या कुठल्याच पत्रकाखाली माझं नाव नसतं.

पत्रकात हिशेब सोपा असतो. एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला एका बाईचा गळा. मी स्वतःला तो शंभरदा घालून बघितला आहे, आणि शंभरही वेळा पोरांच्या बाजूनं सुटला आहे. तरी टाकाच्या डबीत टाक ठेवताना ते खांड खुळखुळतं. साहेबांनी तरतूद बघितली, माणसं बघितली नाहीत, असं मी लिहिलं होतं. मी काय बघितलं? गर्दी बघितली. माझा शब्द, माझं पत्रक, माझी सावली. आणि गोदामावशींना विचारलं नाही, कारण त्या नाही म्हणतील अशी भीती होती. हे साहेबाहून वेगळं कसं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्यांचा आवाज परत आला नाही. पण मला तो ऐकू येतो. खरं म्हणजे आवाज नाही, त्याच्या आधीचं थांबणं ऐकू येतं. सभेत कुणी बोलता बोलता श्वास घ्यायला थांबतं, एसटी चढावर गिअर बदलताना थांबते, की माझ्या मानेवर काटा येतो. पुढचा सूर यायला हवा आणि येत नाही.

यंदा पाऊस बरा झालाय. पाथर्डीकडच्या त्याच गावानं निरोप पाठवला, जत्रा धरलीय, खेळ पाहिजे, आणि मागल्या खेपेला जी बाई आजारी पडली तीच पाहिजे. त्यांना वाटतंय, ऊन लागलं होतं. अण्णांनी काळं खांड माझ्या हातात दिलं.

"दुसरं तिच्याकडं असंल," ते म्हणाले. "हे नेऊन दे. समोर बसून चावून टाका. इतके दिवस तो खेळ उभाच राहिलाय. मला चालताना पायाला लागतो."

मी दोन्ही खांडं घेऊन गेले.

मावशी आता नगरातच राहतात, एका खोलीत, विड्या वळतात. सूप मांडीवर, तेंदूची पानं ओल्या फडक्यात. मला बघून त्यांनी मानेनंच बस म्हटलं. मी दोन्ही खांडं सुपाच्या काठावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पत्रकात सांगते तसं नाही. वाक्यं अर्धी राहत होती. त्यांचे हात थांबले नाहीत. दोन विड्या वळून झाल्या, दोऱ्यानं बांधून झाल्या.

त्या बोलतात ते कुजबुजीसारखं. कान जवळ न्यावा लागतो.

"सुपारी फुटल्याचा आवाज माज्या दारात झालाच न्हाई, ते मला म्हाईत न्हाई व्हय? चुकायला ती काय लेकरू हाय?"

"मग आलात कशाला?"

"म्हनलं, ही पोरगी आज इचारंल, उद्या इचारंल. म्हनून आले. तुज्या तोंडाकडं बघत हुते. तू म्हनली, गडबडीत राहिली." त्यांनी पान कातरलं. "गळा दगडानं खाल्ला हुता गं आधीच. त्यो आज न्हाई उद्या जानारच. पन माझं मला इचारून जाऊ द्यायाचं हुतं."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, अण्णांनी सांगितलंय, चावून टाका.

त्यांनी मान हलवली. आपलं खांड उचललं, फडक्यानं पुसलं आणि कनवटीला लावलं. काळं पडलेलं, कनातीचं, माझ्याकडं सरकवलं.

"खेळ झाला कुटं? पुऱ्या कडव्याला मानसं बसली हुती. त्यास्नी कुनी सांगितलंय काय झालं ते? नाव छाप माझं. यीन मी. उभी ऱ्हाईन. गायाचं न्हाई." मग पहिल्यांदाच थोडं हसून म्हणाल्या, "आन तुझं बी छाप. लई कागद लिवतीस, खाली नाव कुनाचं तर समद्यांचं. समद्यांस्नी कोन धरनार?"

परतताना मी छापखान्यात शिरले. मजकूर तिथंच उभ्यानं लिहिला. विशेषण एकही सापडलं नाही. अमुक गावी, अमुक दिवशी, खेळ. गोदाबाई वांबोरीकर उभ्या राहतील, गाणार नाहीत. का गाणार नाहीत, ते रूथ साळवे सांगेल. खिळे जुळवणाऱ्यानं वाचलं, वर बघितलं आणि विचारलं, बाई, याला गर्दी कशी जमायची? मी म्हणाले, जमली तर जमेल. त्यानं विचारलं, खाली 'समस्त श्रमिक' घालू ना नेहमीसारखं? मी म्हणाले, नको.

ओला कागद घेऊन घरी आले. अण्णा कनातीवर बसून फुल्या शिवत होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला, आणि आता अर्धं तरी सांगावं लागेल म्हणून तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना बोट माझ्या नावावर ठेवलं, आणि ते बोट बराच वेळ तिथंच राहिलं. मग माझ्या हातातलं काळं खांड घेतलं, कोपऱ्याला पुन्हा बांधलं, गाठ ओढून पाहिली.

दाभणात सुतळी ओवताना, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "उभी राहशील तेव्हा डावा कान जप."